पाचवी कैची

सेलूच्या स्टेशनावरून बाजाराकडे येताना उजव्या हाताला बन्सीधरशेठची जिनिंग होती. १९८६ सालच्या हंगामात तिच्या छपरानं शेठना अगदी जेरीस आणलं. छप्पर निजामाच्या अमलाच्या शेवटच्या वर्षातलं. वर जाड नालीदार पत्रे, खाली त्यांचा भार पेलणाऱ्या सागवानी लाकडाच्या दहा तिकोनी कैच्या. पत्रे तसे दणकट होते, पण खिळ्यांभोवती गंज चढून भोकं पडली होती. जानेवारीत दोन दिवस अवकाळी पाऊस झाला आणि रुईच्या ढिगावर पाणी गळलं. मार्चमध्ये वावधान सुटलं तेव्हा दोन पत्रे उचकटून थेट रस्त्यावर जाऊन पडले. नशीब, तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं.

औरंगाबादचा एक ठेकेदार येऊन बघून गेला. कैच्यांसकट सगळं उतरवावं लागेल, नऊ महिने धरा, असं तो म्हणाला. नऊ महिने म्हणजे पुढचा सबंध हंगाम हातचा गेला. शिवाय आत सरकी काढायचे बारा रेचे, त्यांना फिरवणारा लांबलचक लोखंडी दांडा, पट्टे. छप्पर उतरवलं की हे सगळं उघड्यावर. शेठनी ठेकेदाराला चहा पाजून वाटेला लावलं, आणि उडालेले दोन पत्रे तरी बसवून घ्यावेत म्हणून जिंतूर नाक्यावरच्या पंडित मिस्त्रीला निरोप धाडला.

पंडित किसन खिल्लारे. वय बेचाळीस. नाक्यावर त्याचं शेड होतं. खिडक्यांचे गज, गेट, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अशी कामं तो करी. त्याआधी वीस वर्षं तो लष्कराच्या बांधकाम तुकडीत होता, त्यातली अकरा लडाखमध्ये. बोलणं कमी. कुठलंही काम हातात घेण्याआधी तो त्याच्याभोवती सावकाश एक चक्कर मारायचा, आणि लोकांना वाटायचं, याला काम नकोच आहे.

जिनिंगच्या छपरावर तो सकाळी सातला चढला आणि नऊला उतरला. शेठ ऑफिसच्या पायरीवर वाट बघत उभे होते.

“दोन पत्र्यांला दोन तास?”

“पत्रे बसले,” पंडित हात पुसत म्हणाला. “पन शेठ, येत्या पावसात दुसरे चार जातेल. सगळ्याच पत्र्यांची भोकं मोठी झालीत. खिळा हाय, पन त्यानं काईच धरलेलं न्हाई.”

“म्हंजे तुमीबी सगळं उतरवा म्हनायलाव का?”

“उतरवायचं कशाला? हाय त्याच्यावर दुसरं घालू.”

“छपरावर छप्पर?”

“आमी तिकडं तेच करायचो.”

शेठ पायरीवर बसले आणि त्यांनी पंडितला समोरच्या बाकावर बसायला सांगितलं. पंडित बसला आणि एरवी महिनाभरात बोलला नसता एवढं त्या सकाळी बोलला. लेहच्या पलीकडे दिवसभराच्या रस्त्यावर त्यांचं ठाणं होतं. तिथली जुनी गोदामं, दुकानं, बराकी सपाट छपरांच्या. बर्फ वितळला की पाणी आत. आणि हिवाळ्यात माणसांना बाहेर काढून छप्पर उघडता येत नाही, बाहेर काढलेला माणूस जगत नाही. म्हणून जुन्या छपराला हात लावायचा नाही. त्याच्यावर हात-हातभर उंचीचे लोखंडी पाय उभे करायचे, पायांवर आडवे अँगल, अँगलवर नवे पत्रे उतरते. आत माणसं जेवतायत, झोपतायत, आणि वर नवं छप्पर तयार होतंय. दोन छपरांच्या मध्ये हवा राहते. तिकडं ती हवा थंडी अडवते.

“इकडं ऊन अडवील,” तो म्हणाला. “रुई कोरडी राहील आन् खालच्या बायांचं डोकं बी भाजनार न्हाई.”

“आन् परत खिळे ढिले झाले तर?”

“खिळे मारायचेच न्हाईत. पत्रा दुपारी फुगतो, पहाटं आखडतो. त्याला खिळ्यानं जखडलं की तो स्वतःच भोक मोठं करून घेतो. लडाखात दिवसा कातडं भाजतं आन् रात्री बादलीत पानी गोठतं, तिथं आमी शिकलो हे. भोक लांबट ठेवायचं. हुक पत्र्याच्या उंचवट्यावर लावायचा, नालीत न्हाई. वर डांबरी वायसर. पत्र्याला हलायला जागा दिली की तो गुमान बसतो.”

“वेल्डिंग?”

“एक ठिनगी न्हाई. तुमच्या तुळ्यांवर, भिंतींवर, समद्यावर रुईचे तंतू बसलेत. सगळं नट-बोल्टावर. थंडीत तिकडं बी वेल्डिंग धरायचं न्हाई, त्यामुळं हात बसलाय.”

मे महिनाअखेर काम पुरं करायचं ठरलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जिनिंग थंडावली. पंडितनं दोन माणसं घेतली आणि काम सुरू करण्याआधी एकेक कैची तपासायला घेतली. नवं छप्पर जुन्या कैच्यांवरच उभं राहणार होतं. त्यांच्यात दम नसेल तर सगळं बोलणं फुकट. शिडी लावून तो प्रत्येक कैचीशी जायचा, हातोडीच्या दांड्यानं ठोकायचा, टोच्या घालून बघायचा, सांध्यावर खडूनं खूण करायचा. लाकूड देखणं होतं. अडतीस वर्षांत कुठं वाकलं नव्हतं, सांधे असे बसलेले की नख जाऊ नये. ज्या कुणी हे केलं त्याच्याबद्दल पंडितला मनातून आदर वाटायला लागला.

पाचव्या कैचीशी तो थांबला. तिच्या खालच्या आडव्या दांड्यावर, मधोमध, दोन्ही बाजूंनी हातभर लांबीचे पत्र्याचे पट्टे ठोकलेले होते आणि वरून डांबर फासलेलं होतं. बाकीच्या नऊ कैच्यांवर असं काही नव्हतं. त्यानं ठोकून पाहिलं. पत्र्यामुळं आवाज कळेना.

शेठ म्हणाले, “बाबांनी काईतरी मजबुतीसाठी केलं असंल. उपटून बघा.”

“उपटता येत न्हाई. त्या पट्ट्यानंच सांधा धरला असंल आन् मी तो काढला, तर कैची खाली येती. आधी आत काय हाय ते कळलं पाहिजे.”

“मग कसं कळणार?”

“ज्यानं केलं त्याला विचारावं लागल.”

शेठना हसू आलं. अडतीस वर्षांपूर्वीचा सुतार! पण उरलासुरला कापूस निवडत कोपऱ्यात बसलेल्या तानुबाईनं मान वर केली. जिनिंगमधली ती सगळ्यांत जुनी कामकरीण; आईच्या बोटाला धरून इथं आली होती.

“चंद्रभान सुतार,” ती म्हणाली. “रानीसावरगावचा. हाय अजून. मागल्या साली त्यांच्या गावची सोयरीक आमच्याकडं आली तवा विचारलं व्हतं मी.”

दुसऱ्या दिवशी पंडित परभणीला उतरून गंगाखेडच्या गाडीत बसला. परभणीच्या एस.टी. स्टँडच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूची आणि विरोधातली अशा दोन्ही घोषणा होत्या, एकीवर दुसरी रंगवलेली, आणि दोन्हींवरून नगरपालिकेनं चुना फिरवलेला. अक्षरं चुन्यातूनही वाचता येत होती. गंगाखेडला गाडी बदलून तो राणीसावरगावला पोचला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.

चंद्रभान सुताराचं घर मधल्या आळीत होतं. ओट्यावर एक वाळकासा म्हातारा नांगराच्या रुमण्याला रंधा मारत बसला होता. सदुसष्ट-अडुसष्ट वय, जाड भिंगाचा चष्मा, त्याची एक काडी सुतळीनं बांधलेली. सून मालनबाई दारात आली.

“कोन गावचे म्हनावं?”

“सेलूहून आलोय. पंडित खिल्लारे.”

आडनाव ऐकून मालनबाई क्षणभर थबकली. मग आत गेली, पाण्याचा तांब्या आणून पंडितच्या हातात न देता ओट्याच्या कडेला ठेवला. पंडित तो उचलून पाणी प्यायला. उन्हातून आला होता, तहान लागली होती.

“बन्सीधरशेठच्या जिनिंगचं छप्पर तुमी केलं का बाबा?”

म्हाताऱ्याचा रंधा थांबला. “त्यांच्या वडलांच्या काळात. का? पडलं का?”

“न्हाई न्हाई. उभं हाय. लय चांगलं काम हाय. मी त्याच्यावर दुसरं छप्पर चढवायलोय, म्हनून आलो.” पंडित ओट्याच्या पायरीवर बसला. “पाचव्या कैचीवर पत्रा ठोकलाय. आत काय हाय, तेवढं विचारायचं व्हतं.”

चंद्रभाननं रंधा बाजूला ठेवला. मांडीवरचा भुसा झटकला, मग उगीचच परत झटकला. “मालन,” त्यानं आत हाक दिली, “चहा ठिव.” आणि सून आत गेल्याची खात्री करून घेतली.

“अडतीस सालात कुनी इचारलं न्हाई,” तो म्हणाला. “मला वाटलं, आता कोन इचारनार.”

पंडित पायरीवर थोडा पुढं सरकून बसला.

“रझाकाराचं साल व्हतं. साग आदिलाबादेहून यायचा, रेल्वेनं. नऊ कैच्यांचा माल आला आन् मालगाडीची पुढची वाघीन आलीच न्हाई. मोठ्या शेठचा तगादा, पावसाआधी पत्रे चढलेच पाहिजेत. दहावीला लागंल एवढा लांब दांडा माझ्याकडं नव्हता. सागाचे दोन आखूड दांडे उरले व्हते, पन मधी हातभर कमी पडायलं. तो मधला तुकडा...” त्यानं पंडितकडं पाहिलं. “तुमी लाकडातले न्हाईत, पन तुमाला बी ठावं असंल. आंब्याचा घातला.”

“आंब्याचा?”

“सुताराचं पोर बी सांगल, आंबा छपराला घालत न्हाईत. किडा लागतो. मला वाटलं, वाघीन आली की बदलू. तवर कुनाला दिसू नये म्हनून पत्रा ठोकला, डांबर फासलं, आन् कैची मधी घातली, पाचवी, भिंतीजवळ नजर जाती म्हनून. मग पोलीस ॲक्शन झाली, सगळंच उलटंपालटं झालं. वाघीन आली ती दुसऱ्याच मालाची. तवर पत्रे चढले व्हते, यंत्रं सुरू झाली व्हती. मोठे शेठ खूश. मला फेटा बांधला.”

आतून कपबशीचा आवाज आला. म्हाताऱ्यानं आवाज खाली केला.

“एक डाव सांगायला गेलो व्हतो. फाटकाशी उभा ऱ्हायलो. आत बाया कापूस टाकायलत्या, गानी म्हनायलत्या. माझं पाऊलच उचललं न्हाई. तवापासून वारं सुटलं की मी रातभर उठून बसतो. घरातले म्हनत्यात, बाबा वाऱ्याला भितेत.”

मालनबाई चहा घेऊन आली. पंडितनं चहा घेतला. मालनबाई आत गेल्यावर त्यानं बशी खाली ठेवली.

“तुमी चला माझ्यासंगं,” पंडित म्हणाला. “ती उघडायची कशी ते तुमालाच माहीत.”

“शेठ काय म्हनतेल?”

“ते म्हनतेल ते म्हनतेल.”

चंद्रभाननं हत्यारांची पिशवी भरली, सुनेकडून चार दिवसांच्या भाकरी बांधून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीला दोघं निघाले. रात्र पंडितनं गावच्या एस.टी. थांब्यावर काढली. सुनेला चंद्रभाननं एवढंच सांगितलं, जुनं काम दुरुस्तीला आलंय.

सेलूला पोचल्यावर चंद्रभाननं आंब्याच्या तुकड्याचं सांगितलं तेव्हा शेठ व्हायचे तेवढे संतापले. “माझे वडील तुमाला देवमानूस म्हनायचे!” ते चंद्रभानच्या अंगावर ओरडले. “शंभर मानसं काम करतेत हितं! अडतीस वर्षं तोंड शिवलं व्हतं का?”

चंद्रभान मान खाली घालून उभा राहिला. त्यानं सबब सांगितली नाही. वाघिणीचंही नाव काढलं नाही. मग शेठ पंडितकडे वळले, आणि त्यांचा स्वर बदलला.

“एवढी वर्षं टिकली ना? अजून बी टिकंल. तिच्यावर पाय ठेवू नका, चौथीवर आन् सहावीवर ठेवा. पुढच्या हंगामाआधी ही भानगड नको. बाजारात बोभाटा झाला तर बाया कामाला येनार न्हाईत.”

“मग नवं छप्पर मी घालत न्हाई,” पंडित म्हणाला.

“का? पाचवी सोडून द्या म्हनतोय ना मी.”

“छप्पर एक असतं शेठ. पाचवी गेली तर चौथी-सहावीला घेऊन जाती. आन् मला आता ठावं झालंय. ह्यांनी अडतीस वर्षं काढली तशी मला काढायची न्हाईत.”

शेठ आत निघून गेले. दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत. पंडितनं आपली माणसं सावलीत बसवून ठेवली. साडेतीनला शेठ आले, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि सरळ पाचव्या कैचीखाली जाऊन उभे राहिले. बराच वेळ वर बघत होते. तानुबाई जिथं बसायची ती जागा बरोबर तिच्याखाली होती.

“काय काय लागतं ते सांगा,” ते म्हणाले.

चार जाड बल्ल्या लागल्या, ट्रकचे दोन जॅक लागले, आणि परभणीच्या लाकडाच्या अड्ड्यावरून सागाचा एक दांडा, चंद्रभाननं स्वतः जाऊन तीन तास निवडून आणलेला. पाचव्या कैचीखाली परांची बांधली. सांध्याच्या दोन्ही बाजूंना बल्ल्यांचे टेकू दिले आणि खालून जॅक एकेक आटा फिरवत चढवले. पंडितनं चंद्रभानला परांचीवर बसवलं. म्हातारा दांड्यावर तळहात ठेवून होता.

“अजून. अजून थोडं. बास! आता भार उतरला.”

“कशावरनं?”

“हाताला कळतंय.”

मग त्यानं छिन्नी घालून पट्टा उचकटला. पट्टा सुटताच पिवळसर पीठ भसाभसा खाली पडलं. आंब्याचं लाकूड उरलंच नव्हतं. किड्यानं आतून सगळं खाल्लं होतं, नुसता सालपटासारखा पापुद्रा आणि पीठ. एवढी वर्षं त्या सांध्याला धरलं होतं ते डांबर चढलेल्या दोन पत्र्यांनी आणि शेजारच्या कैच्यांनी. शेठनी खालून मूठभर पीठ हातात घेतलं, बोटांत चोळलं आणि धोतराला हात पुसत चंद्रभानकडं बघितलं. रागवायला त्यांनी तोंड उघडलं, पण म्हातारा परांचीवर बसल्या बसल्या डोळे पुसत होता. शेठनी ऑफिसातल्या पोराला हाक मारून सगळ्यांना उसाचा रस मागवला.

नवा दांडा जोडायला चार दिवस लागले. उन्हात पत्रे इतके तापत की दहा ते चार वर जाताच येत नसे. पहाटे फटफटताना काम सुरू व्हायचं. चंद्रभानच्या हातात आता जोर नव्हता, करवत सरळ चालेना. तेव्हा असं ठरलं की तो पेन्सिलनं आखून देईल आणि पंडित कापील. म्हातारा आखायचा, पंडित कापायचा, म्हातारा बघून म्हणायचा, “तुमी लोखंड कापायलाव का लाकूड? हलक्या हातानं.” पंडित हलक्या हातानं कापायचा. सांधा बसला तेव्हा पंडितनं दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून गिरमिटानं भोकं पाडली आणि आठ बोल्ट आवळले. या वेळी डांबर लावलं नाही. सांधा कुणालाही खालून दिसावा म्हणून चंद्रभाननंच ते नको म्हटलं.

राहायला तो पहिल्या दिवशी जिनिंगच्या ऑफिसात होता. त्याच्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशीच्या उकाड्यात विटल्या. दुपारी पंडित त्याला म्हणाला, “आमच्या घरी चला. आई हाय.” चंद्रभान घुटमळला. पंडितनं दुसऱ्यांदा विचारलं नाही, आपला डबा उघडून जेवायला बसला. संध्याकाळी काम सुटल्यावर म्हातारा आपणहून त्याच्यामागून चालायला लागला.

पंडितची आई चांगुणाबाई सत्तरीला टेकलेली, पण ताठ. तिनं ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा वाढला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाचा. चंद्रभाननं फोटोंकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं आणि पहिला घास घेतला. दोन भाकरी संपल्यावर तो म्हणाला, “आमच्या घरी हे कळू देऊ नका.”

“आमी कशाला सांगू?” चांगुणाबाई म्हणाली. “तुमाला वाटलं तर तुमीच सांगा.” आणि तिनं तिसरी भाकरी वाढली.

जेवण झाल्यावर दोघं अंगणात बाजेवर बसले. चंद्रभाननं विचारलं, “एवढी वर्षं त्या डोंगरात व्हते. तिकडंच का न्हाई ऱ्हायले?”

पंडित म्हणाला, “अठ्ठ्याहत्तर साली, विद्यापीठाच्या नावावरून पेटलं तवा, आमच्या गावी आमची वस्ती जाळली. मी तिकडं एका गोदामावर पत्रे चढवायलतो. पत्र मला दीड महिन्यानं मिळालं. आईनं मास्तराकडून लिहून घेतलं व्हतं. छप्पर गेलं, मी बरी हाय, तू नोकरी सोडू नको. बस, एवढंच.”

“मग?”

“सुट्टी काढून आलो. सरकारनं पत्रे दिले व्हते, ते नीट बसवून दिले आन् परत गेलो. पन तिकडं प्रत्येक पत्र्याला हुक लावताना हेच डोक्यात यायचं. नोकरी पुरी झाली तशी आईला घेऊन सेलूला आलो. गावात ती ऱ्हायनार नव्हती.”

चंद्रभाननं चष्मा काढून धोतराला पुसला. “आमच्या गावात बी तवा लोकं जमली व्हती,” तो म्हणाला. “मी घरात बसून ऱ्हायलो. गेलो न्हाई त्यांच्यात. पन जाऊ नका असं बी कुनाला म्हनलो न्हाई.”

आतून चांगुणाबाईनं विचारलं, पाहुण्यांना पांघरायला चादर लागते का. मेचा महिना होता, दोघंही हसले.

पाचवी कैची उभी राहिल्यावर बाकीचं काम भराभर झालं. लोखंडी पाय कैच्यांच्या सांध्यांवर बरोबर बसले, पायांवर अँगल आले, अँगलवर नवे पत्रे चढले. चंद्रभानला आता इथं काही काम नव्हतं, पण तो आणखी आठवडाभर राहिला. रोज सकाळी फाटकाजवळच्या लिंबाखाली बसायचा आणि कोणता पत्रा कसा चढतो ते बघायचा. हुकाला लांबट भोक कशासाठी, हे त्यानं पंडितला तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा म्हणाला, “म्हंजे पत्र्याला बी श्वास घेऊ देता तुमी.” शेठ जाता-येता त्याच्याशी बोलायला लागले. दोघंही मोठ्या शेठच्या आठवणी काढत. एकदा तर शेठनी ऑफिसातून त्यांचा फोटो आणून दाखवला.

जायच्या दिवशी म्हाताऱ्यानं खाली उभं राहून नव्या छपराकडं पाहिलं. जुनं छप्पर आता बाहेरून दिसत नव्हतं. पंडितला वाटलं, त्याला वाईट वाटेल. पण तो म्हणाला, “बरं झालं. आता वारं सुटलं की झोप लागंल.” मग पिशवीतला आपला जुना गुण्या काढून त्यानं पंडितच्या हातात ठेवला. काटकोन बघायचा पितळी पट्टीचा, दांडा हातानं गुळगुळीत झालेला.

“लोखंडाला बी चालतो,” तो म्हणाला.

ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा, जूनच्या पहिल्या आठवड्यात, आढ्यावरचे शेवटचे पत्रे बसले. पावसाळ्यात एक थेंब आत आला नाही. दसऱ्यानंतर जिनिंग सुरू झाली तेव्हा बायांना पहिल्याच दुपारी फरक कळला. तानुबाई म्हणाली, डोक्यावरचा पदर ओला करून बसायची गरज ऱ्हायली न्हाई. दोन छपरांच्या मधल्या जागेत चिमण्यांनी काड्या आणायला सुरुवात केली. कोरड्या काड्या आणि रुई एकत्र नको म्हणून पंडितनं सगळीकडून बारीक जाळी ठोकली. बायांना ते आवडलं नाही. मग त्यानं कुंपणाच्या भिंतीवर खोक्यांची चार घरटी टांगून दिली. त्यांतल्या दोनात चिमण्या आल्या, दोन रिकामीच राहिली.

हे काम बघून जिंतूरच्या तेलगिरणीनं पंडितला बोलावलं, मग सेलूतल्याच दुसऱ्या एका जिनिंगनं. सगळीकडे जुनी छपरं, जुन्या कैच्या. पंडितची चक्कर मारायची सवय तशीच होती, पण आता तो चढायच्या आधी मालकाला एक गोष्ट विचारायचा: हे कुणी केलं, आणि तो माणूस आहे का? मालक चकित व्हायचे. जिंतूरच्या गिरणीचा गवंडी सापडला, नव्वदीचा; त्यानं काही लपवलं नव्हतं. उलट छपराचं माप त्याला अजून तोंडपाठ होतं, आणि दुपारभर त्यानं पंडितला ते ऐकवलं.

मानवतला एका गोदामाचा सुतार वारला होता. पंडित त्याच्या घरी गेला. त्याची बायको, कुसुमबाई, शेणानं सारवत होती. तिनं हात धुतले, पंडितला बसायला पाट दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

“मला त्यांनी काईच सांगितलं न्हाई,” ती म्हणाली. “घरी आले की कामाचं बोलत नसत. तुमीच चढून बघा, बाबा. काई निघालं तर मला बी येऊन सांगा.”

“सांगतो,” पंडित म्हणाला, आणि गोदामाकडं जाऊन त्यानं शिडी लावली.